कार्ड शाबूत आहे

ऑफिसात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणायचे. कुणाचा कॉम्प्युटर आजारी पडला, नेट गेलं, प्रिंटर रुसला, की हाक यायची, “अरे, वैद्यबुवांना बोलवा!” मग ते यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि माउसला बोटही न लावता काळा पडदा उघडून टाइप करायला लागायचे. रंगीत चित्रांवर आणि बटणांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “मशीनला लिहून विचारा, ते लिहून उत्तर देतं. चित्रं काय, वाट्टेल ते दाखवतात,” असं ते नव्या लोकांना सांगायचे. पहिली चौकशी नेटवर्क कार्डाची. वायर जिथे खुपसतात त्याच्या मागे बसलेलं ते कार्ड. कॉम्प्युटरचा बाहेरच्या जगाशी सगळा व्यवहार त्याच्यातून चालायचा. कार्ड जागेवर आहे का, चालू आहे का, वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी आहे का, हे सगळं ते मोजक्या हुकमांत काढून घ्यायचे. हात इतका बसलेला की इकडे शेजारच्याशी गप्पा चालू असायच्या आणि तिकडे बोटं आपली कामाला लागलेली असायची.

एका सकाळी ते ऑफिसातच कोसळले. त्यांच्या हाताखाली एक ताडमाड उंच माणूस होता, त्याला ‘जिराफ’ हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. त्या जिराफाने वेळेत धरलं म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला. उजवा हात काही दिवस लुळा पडून पुन्हा हलायला लागला, पाय थोडा ओढत का होईना चालू लागला. गेले ते शब्द. बोलायचे, वाचायचे, ऐकून समजायचे, सगळेच. सगळं घर आगीत जावं आणि एखादं लाटणं तेवढं मागे राहावं तसा एकच शब्द राहिला, आणि तोही कुठला, तर ‘म्हणजे’.

भूक लागली की म्हणजे. पंखा लावा, म्हणजे. पाठ खाजव, म्हणजे. राग आला की तोच शब्द दातओठ खाऊन, आणि हसू आलं की तोच हसत हसत.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचा, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची आणि काचा बदलत विचारत राहायचं, “हे बरं की ते बरं?” बोलकी बाई. नवराही तसाच. मूलबाळ झालं नाही, पण घर कधी गप्प नव्हतं. संध्याकाळी ती दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची, ते ऑफिसातल्या साहेबांच्या. जेवणं निवून जायची. आता ती एकटीच बोलायची, आणि आपलंच बोलणं भिंतीवर आपटून परत आल्यासारखं तिला वाटायचं.

मदतीला त्यांची थोरली बहीण येऊन राहिली होती. हॉस्पिटलात नर्स म्हणून उभा जन्म काढलेली, हाताला उरक आणि तोंडाला लगाम नाही अशी. ती भावाची दाढी करता करता म्हणायची, “लहानपणी हा बोलायलाच तयार नव्हता. सगळ्यांना घोर. मग जो सुरू झाला तो थांबेचना. सगळा साठा संपवलास ना रे मेल्या? शिल्लक ठेवायचं भान नाही.” आणि तो फेसाळल्या गालांनी हसायचा. “म्हणजे, म्हणजे.”

“हसतोय बघ,” ती भावजयीला म्हणायची. “हसतोय तोवर ठीक आहे.”

आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणारी थेरपिस्ट बाई यायची. वयाने लहान, आवाज मऊ, पिशवीत चित्रांचे पुठ्ठे. कपाचं चित्र दाखवून ती म्हणायची, “कप.” ते तिच्या ओठांकडे बघायचे, आपले ओठ तसेच करायचे, आणि आतून यायचं ते “म्हणजे”. हातात कंगवा दिला तर केस नीट विंचरायचे. पण टेबलावर कंगवा, चमचा आणि कात्री ठेवून “कंगवा द्या” म्हटलं की कधी चमचा पुढे करायचे, कधी कात्री, कधी नुसतेच तिच्याकडे बघायचे. बाई धीर द्यायची. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदर तोंडाशी धरायची.

मग तो दिवस आला. बायकोची सुट्टी होती. दुपारची वेळ, नणंद फोनवर मालिका बघत लवंडलेली. एकदम ती उठून बसली.

“गेलं बाई नेट! ऐन वेळी तडमडलं. आता ती सून दार उघडते की नाही, कसं कळायचं?”

“येईल हो वन्सं, जातं असं अधूनमधून,” बायको आतून म्हणाली.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोपऱ्यातल्या टेबलावर ऑफिसने घरी काम करायला दिलेला कॉम्प्युटर होता. झटका आल्यापासून त्याच्यावर धूळ साचली होती. ते आपण होऊन उठले होते, पाय ओढत तिथवर गेले होते, आणि बटण दाबून वाट बघत बसले होते. ओल्या हातांनी ती बाहेर आली. पडदा काळा झाला. त्यांनी दोन्ही हात कळांवर ठेवले आणि बोटं चालायला लागली.

ती तशीच पुढे सरकली. पडद्यावर अक्षरं उमटत होती. सवयीने ती एकेक वाचत गेली. एल, एस, पी, सी, आय. एंटर. ओळींचा ढीग कोसळला. पुन्हा आय, पी, जागा सोडून लिंक. एंटर. मग आणखी एक लांब. एका जागी बोट घसरलं, तर त्यांनी जिभेने ‘च्’ केलं, मागे गेले, चुकलेलं अक्षर पुसलं आणि बरोबर लिहिलं. ज्या माणसाला चमचा आणि कात्री वेगळी सांगता येत नव्हती, तो स्पेलिंग सुधारत होता.

“वन्सं,” ती हळूच म्हणाली. “वन्सं, इकडे या.”

नणंद फोन हातात घेऊनच आली, भावाच्या डोक्यावरून वाकून बघायला लागली, आणि तिच्या हातातला फोन एकदम बोलायला लागला. मालिकेतली सून किंचाळत होती.

“आलं! आलं गं! यानं आणलं!” नणंदेने भावाच्या पाठीत धपाटा घातला. बायकोने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. ते हसत होते, काय झालं ते न कळून, पण चांगलं झालंय एवढं कळून. “म्हणजे! म्हणजे!”

तिने लगेच जिराफाला फोन लावला.

“भावजी, ते बसलेत कॉम्प्युटरवर! टाइप करतायत!”

“काय टाइप करतायत, वहिनी? वाचून दाखवा बरं.”

तिने अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

“भावजी?”

“आहे, आहे मी. वहिनी, हे सरच. ह्याच क्रमाने करतात ते. आम्ही चेष्टा करायचो, वैद्यबुवांची नाडीपरीक्षा म्हणून. पहिल्या हुकमाने पेटीत कोणती कार्डं बसवलीत ते कळतं. दुसऱ्याने, ती चालू की बंद. तिसरा इथटूल, तो सगळं खोलात सांगतो. अगदी शेवटची ओळ बघा, लिंक डिटेक्टेड. काय लिहिलंय?”

“येस.”

“येस म्हणजे वायरीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत आहे.”

तिने फोन ठेवला आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. पडद्यावर धुळीत रेघ उमटली.

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. सकाळी चहा झाला की ते टेबलाशी जायचे. तेच हुकूम, वरपासून खालपर्यंत. शेवटी पडदा पुसून कोरा करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. ती दुकानात जायच्या आधी शेजारी स्टूल टाकून बसायची, आणि जे कळत नसेल ते जिराफाला विचारायची. हा आकडा कशाचा? वेग. हा? किती माल आला. आणि हा? वाटेत किती फुकट गेला. हळूहळू तिला तो पडदा वाचता यायला लागला. नवऱ्याचं काम काय असतं हे इतक्या वर्षांत तिला धड माहीत नव्हतं, आता कळत होतं, आणि त्याचंही तिला अप्रूप वाटायचं. दुकानात ती पुन्हा बोलायला लागली. गिऱ्हाइकांना सांगायची, “आमचे हे, शब्द गेले होते सगळे, पण कॉम्प्युटर चालवतात! हाताने बोलतात!” खालच्या मजल्यावरच्या काकू, औषधवाला, सगळ्यांना सांगून झालं.

नणंदही हवेत. “हा बघ जाणार ऑफिसला. बोलायचंय कशाला तिथे? टाइप करायचं न् घरी यायचं. उलट बरं, साहेबाशी वाद घालणार नाही.”

थेरपिस्ट बाईला मात्र तेवढा आनंद झाला नाही. तिने खुर्ची जवळ घेऊन नीट बघितलं. दोन फेऱ्या होऊ दिल्या. मग बायकोला आत बोलावून म्हणाली, “खूप छान आहे हे. त्यांना बरं वाटतंय, करू द्या. पण ताई, एक सांगू? काही गोष्टी अंगात इतक्या मुरलेल्या असतात की त्या शब्दांच्या वाटेने जातच नाहीत. माझे एक पेशंट एकापासून वीसपर्यंत खडखडीत म्हणतात. पण दोन बोटं दाखवून किती विचारलं तर गप्प.”

“म्हणजे यांना कळत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मला माहीत नाही. पण फार पुढचं काही ठरवू नका एवढंच.”

“चूक झाली की सुधारतात ते! तुम्ही बघितलंत ना? न कळता सुधारेल कुणी?” तिचा आवाज चढला. “तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं का काही?”

“नाही कळत,” बाई शांतपणे म्हणाली. “ज्याला कळतं अशा माणसाला एकदा दाखवा.”

बाई गेल्यावर ती धुसफुसत राहिली. कपाच्या चित्राने काही होईना, आणि स्वतःचं स्वतः झालं तर ते बघवत नाही! पण तो सल आत रुतलाच. म्हणून असेल, किंवा बाईला खोटं पाडायचं म्हणून असेल, तिने जिराफाला फोन केला.

“भावजी, साहेबांशी बोला. यांना परत घ्या म्हणावं. थोडा वेळ येतील, कोपऱ्यात बसतील.”

तो घुटमळला. “आधी मी येतो वहिनी. एकदा बघतो सरांना. मग बोलतो साहेबांशी.”

रविवारी दुपारी तो आला. फुलं आणावीत की फळं हे न ठरल्यामुळे दोन्ही घेऊन आला होता, आणि दारात वाकायचं विसरल्यामुळे चौकटीला डोकं आपटून घेतलं होतं. वैद्यबुवा त्याला बघून उभे राहिले, त्याच्या खांद्यावर थोपटत राहिले. “म्हणजे, म्हणजे, म्हणजे.” ओळखलं होतं, यात शंका नव्हती. नणंदेने इस्त्रीचा शर्ट घातला होता भावाला. बायकोने टेबल लख्ख पुसून ठेवलं होतं. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसं वातावरण.

ते बसले. बोटं चालली. जिराफ मागे उभा राहून बघत होता. पहिली फेरी संपेपर्यंत त्याचे डोळे भरून आले होते.

“अगदी तसंच,” तो पुटपुटला. “वेगसुद्धा तोच.”

“मी म्हटलं नव्हतं?” बायको म्हणाली.

मग त्याने डोळे पुसले आणि टेबलाच्या मागे हात घालून कॉम्प्युटरच्या कार्डातली नेटची वायर हळूच ओढून काढली. ती खाली लोंबत राहिली. “सर, नेट गेलं हो,” तो मोठ्याने म्हणाला, ऑफिसात म्हणायचा तसं. “बघता का जरा?”

ऐकून असेल किंवा वेळ झाली म्हणून असेल, त्यांनी पडदा कोरा केला आणि सुरुवात केली. पहिला हुकूम. ओळी आल्या.

“कार्ड शाबूत आहे,” जिराफ तिला हळू आवाजात म्हणाला.

दुसरा हुकूम. मग इथटूल. लांबलचक उत्तर आलं, आणि तिची नजर न शिकवता थेट शेवटच्या ओळीवर गेली. लिंक डिटेक्टेड: नो. आता थांबतील. भुवया चढवतील. खाली वाकून वायर बघतील.

त्यांनी पुढचा हुकूम दिला. मग पडदा पुसला. मग पुन्हा पहिला.

“सर,” जिराफ जवळ सरकला. “शेवटची ओळ बघा ना. लिंक काय म्हणतेय?”

“म्हणजे,” ते आनंदाने म्हणाले.

ओळ पुन्हा आली तेव्हा जिराफाने त्या ‘नो’वर बोट टेकवलं. त्यांनी बोटाकडे बघितलं. बोट निघायची वाट बघितली. निघाल्यावर पुढचा हुकूम टाइप केला, एकही चूक न करता.

तिला राहवलं नाही. तिने खाली वाकून लोंबणारी वायर उचलली आणि त्यांच्या समोर धरली. “अहो, ही बघा. ही सुटलीय. कुठे लावायची? लावा ना.” त्यांनी वायर हातात घेतली. तिचा पीळ काढला. मग टेबलाच्या कडेला नीट सरळ ठेवून दिली आणि कळांकडे वळले.

तिला त्यांच्या पाठीकडे बघता बघता दुकानातला एक ड्रायव्हर आठवला. नजर पार गेलेली, पण नोकरीसाठी डोळे तपासून घ्यायला आला होता. तक्त्यावरची अक्षरं त्याने भराभर म्हणून दाखवली, खालच्या बारीक ओळीपर्यंत. तिला संशय आला म्हणून तिने तक्ता बदलला. तर त्याने तीच अक्षरं पुन्हा म्हटली, जुन्या तक्त्याची. आवाजात जराही खोट नव्हती. समोर दुसरं काही आहे हे त्याला दिसतच नव्हतं. तेव्हा दुकानातले सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि संध्याकाळी घरी येऊन तिने नवऱ्याला त्याची नक्कल करून दाखवली होती.

कडेवरची वायर उचलून ती गुडघ्यावर बसली, टेबलाखालून हात घालून तिने वायरीचं टोक भोकात बसवलं. टक् असा आवाज झाला. वर आली तोवर त्यांची पुढची फेरी झाली होती आणि पडद्यावर येस होतं. दोन्ही उत्तरं तिला वाचता आली होती. दोन्हींचा अर्थ तिला कळला होता. एवढ्या सकाळींत जे काही शिकून झालं होतं, ते तिचं.

नणंद दाराशी उभी होती, ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. सिंकमध्ये घासायची भांडी नव्हती.

“त्या दिवशी नेट आलं होतं ना पण?” बायकोने विचारलं. “यांनीच आणलं होतं ना?”

जिराफाने मान खाली घातली. “वहिनी, हे हुकूम नुसते विचारायचे असतात. आहे तसं दाखवतात. हुकमांनी काही बदलत नाही. नेट आपलं आपण आलं असणार.”

तेवढ्यात वैद्यबुवांनी मागे वळून बघितलं. बघितलं ते बायकोच्या तोंडाकडे. काय दिसलं त्यांना कोण जाणे, पण हात जागच्या जागी थांबले. अर्धा हुकूम पडद्यावर तसाच राहिला, पुढे रेघ लुकलुकत होती.

“म्हणजे?” त्यांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत तो शब्द त्यांनी शंभर तऱ्हांनी उच्चारला होता. पण उत्तरासाठी कधी थांबले नव्हते. आता थांबले होते.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “छान केलंत. अगदी छान.”

ते तिच्याकडे बघत राहिले. तिला हसून दाखवायचं होतं, जमलं नाही. मग त्यांनी हात कळांवरून उचलून मांडीवर ठेवले, एकावर एक.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते टेबलाशी गेले नाहीत. तिला वाटलं, दमले असतील. तिसऱ्या दिवशीही नाही. तिने कॉम्प्युटर सुरू करून ठेवला, काळा पडदा उघडून ठेवला, खुर्ची ओढून ठेवली. त्यांना हात धरून तिथवर नेलं, तर त्यांनी हात सोडवून घेतला. मग ती स्वतः बसली. एव्हाना तिला सगळं पाठ होतं. मुद्दाम एक अक्षर चुकवलं, आणि मागून ‘च्’ ऐकू येतं का, याची वाट बघत राहिली. पुन्हा चुकवलं. मग धडधडीत, वाट्टेल ते लिहिलं. मशीनने निमूटपणे उत्तर दिलं की असा हुकूम आपल्याला माहीत नाही. तिने वळून पाहिलं तेव्हा ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते.

“सोड आता,” नणंद म्हणाली.

“सोडू कसं? चांगलं चाललं होतं ना?”

“चाललंच होतं. त्याला बरं वाटत होतं तेवढं करून. कशाला परीक्षा घ्यायला माणूस बोलावलास?”

“मी? तुम्हीच म्हणत होता, ऑफिसला जाईल, साहेबाशी भांडणार नाही!”

“मी हजार गोष्टी बोलते! मला बोलायचं काही ताळतंत्र आहे का?” नणंदेचा आवाज फाटला. “हॉस्पिटलात असे किती बघितले मी. किती! नातेवाइकांना सांगायचे, फार आशा धरू नका. आणि स्वतःच्या भावाच्या वेळी…” दोघी दोन भिंतींना टेकून बसल्या. आत ते झोपले नव्हते, हे दोघींनाही माहीत होतं.

थेरपिस्ट बाईला तिने सगळं सांगितलं. बाईने ‘मी म्हटलंच होतं’ असं म्हटलं नाही, तसं म्हटलं असतं तर तिला जरा बरं वाटलं असतं. बाई फक्त म्हणाली, “त्यांना कळलं, ताई. काय चुकलं ते नाही कळलं. पण काहीतरी चुकलं, आणि तुम्हाला वाईट वाटलं, एवढं कळलं.” त्यानंतर पुठ्ठे काढल्यावरही ते बाईच्या ओठांकडे बघेनासे झाले. ओठ हलवेनासे झाले. तो एक शब्दसुद्धा कमी होत गेला. दिवसातून एखाद्या वेळी यायचा, तोही अर्धा.

पुढे ऑफिसने त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला, आणि त्याला कॉम्प्युटर लागणार होता. न्यायला जिराफच आला. या वेळी त्याने दारात आठवणीने डोकं वाकवलं. तो वायरी सोडवत असताना वैद्यबुवा खुर्चीतून उठून आले. एक लांब वायर त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतली आणि कोपर न् पंजा यांच्यात न गुंडाळता, सराईत माणूस गुंडाळतो तशी, एक वेढा वरून न् एक खालून घेत तिचं गोल भेंडोळं केलं. टोक आत खोचलं. जिराफाला दिलं.

“थँक्यू, सर,” तो म्हणाला. पायऱ्या उतरताना त्याचं रडणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

मग नणंदेच्या घरून बोलावणं आलं. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं होतं, तिथेही दुसरं कुणी नव्हतं. जायच्या दिवशी तिने भावाची दाढी केली, पण एकही विनोद केला नाही. जिना उतरताना भावजयीला म्हणाली, “गॅस खालून बंद करून जात जा.” एवढंच.

दुकानातली सगळी रजा वापरून झाली होती. दिवसभर राहणारी बाई शोधून सापडत नव्हती. एक आली होती, ती दुपारीच म्हणाली, मला भीती वाटते, ते नुसते बघतात. शेवटी खालच्या काकूंनी मधूनमधून डोकवायचं कबूल केलं, आणि एक चावी त्यांच्याकडे ठेवायची ठरली. कारण मधे एकदा ते आपले आपण बाहेर पडले होते, आणि औषधवाल्याने ओळखलं म्हणून चौकातून माणसं त्यांना परत घेऊन आली होती. घर कुठे विचारलं, तर त्यांना सांगता आलं नव्हतं.

सोमवारी तिने त्यांना खाऊ घातलं, पाण्याची बाटली जवळ ठेवली, गॅस खालून बंद केला. खिडकीशी खुर्ची लावून त्यांना बसवलं. “दुकानात जाऊन येते हं,” ती म्हणाली. “संध्याकाळी येतेच. काकू येतील मधे.” ते खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या.

ती बाहेर आली, दार ओढलं आणि कुलूप घातलं. लग्न झाल्यापासून त्या दाराला, आत माणूस असताना, बाहेरून कधी कुलूप लागलं नव्हतं. कुलपाचा आवाज झाला, आणि आतून पाय ओढल्याचा आवाज यायला लागला. तो दारापाशी येऊन थांबला. कडी हलली. पुन्हा हलली, जरा जोराने. मग हलायची थांबली.

ती दाराला हात लावून उभी राहिली. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. तिला वाटलं, काहीतरी बोलावं. इतकी वर्षं तिला कधी बोलायला सुचलं नाही असं झालं नव्हतं. काय बोलावं तेच कळेना. जे काही बोलली असती, ते त्या दारातून आत जाऊन नुसता आवाजच झालं असतं.

खालून काकूंनी विचारलं, “निघालीस का गं?”

“हो, निघाले,” ती म्हणाली. दुकान उघडायची वेळ झाली होती. तिने पर्स खांद्याला लावली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली.